नैराश्याचे रेणवीय संशोधन : मोजणी आणि मुलाखत

नैराश्याच्या रेणवीय संशोधनाचा इतिहास बहुधा स्वित्झर्लंडमधील इमिप्रामिन आणि न्यूयॉर्कच्या क्षयरुग्णालयातील इप्रोनियाझिड या औषधांपासून सांगितला जातो, आणि मुंबईचा त्यातील वाटा वगळला जातो. सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावरील गुण मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली एका ब्रिटिश नियतकालिकात मांडला. पुढे सीबा या स्विस कंपनीने १९५२ मध्ये त्या मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे केले, ते घेणाऱ्या काही रुग्णांना खोल उदासीनता येत असल्याचे डॉक्टरांच्या ध्यानात आले, आणि रिसर्पिनमुळे सेरोटोनिन या चेतासंदेशवाहक द्रव्याचा मेंदूतील साठा रिता होतो, हे अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ च्या सुमारास दाखवले. या सगळ्याची सुरुवात रुग्णाकडे बारकाईने पाहण्यातून झाली होती, ही गोष्ट पुढच्या पिढ्यांनी पुरेशा गांभीर्याने घेतली नाही.

त्यानंतरची सुमारे पाच दशके थोडक्यात आटोपता येतात. मेंदूतील संदेशवाहक द्रव्ये कमी पडली की नैराश्य येते, हा सुटसुटीत सिद्धांत रुळला आणि त्यावर औषधांची मोठी बाजारपेठ उभी राहिली. पुढे एकेका जनुकावर बोट ठेवण्याची चाल आली. न्यूझीलंडच्या डुनेडिन येथील पाहणीवर आधारलेल्या २००३ च्या निबंधाने सेरोटोनिन वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा नैराश्याशी संबंध जोडून त्याला प्रसिद्धी दिली. मात्र मोठ्या संख्येने तपासणी झाली तेव्हा तो निष्कर्ष टिकला नाही.

या क्षेत्रातील सर्वांत मोलाचे आंतरराष्ट्रीय काम कोणते, असे विचारले तर चीन, ब्रिटन व अमेरिका यांच्या 'कन्व्हर्ज' या प्रकल्पाचेच नाव घ्यावे लागेल. ऑक्सफर्डचे जोनाथन फ्लिंट आणि व्हर्जिनियाचे केनेथ केंडलर यांनी चिनी मनोविकारतज्ज्ञांच्या साथीने चीनभरच्या रुग्णालयांतून केवळ हान वंशाच्या स्त्रिया निवडल्या, त्याही पुन्हापुन्हा नैराश्याचा झटका आलेल्या; प्रत्येकीची सविस्तर मुलाखत घेतली, लाळेचा नमुना घेतला आणि त्यातील डीएनए वाचला. अशा ५,३०३ रुग्ण स्त्रिया आणि तुलनेसाठीच्या ५,३३७ स्त्रिया यांच्यावरून २०१५ मध्ये दहाव्या गुणसूत्रावरील दोन ठिकाणे हाती लागली, त्यांपैकी एक 'सर्ट-१' या जनुकाजवळचे होते. त्याआधी दोनच वर्षे, नऊ हजारांहून अधिक रुग्णांचे नमुने एकत्र करूनही युरोपीय वंशाच्या लोकांवरील विश्लेषणाला एकही खात्रीचे ठिकाण सापडले नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे नेमक्या निवडीचे बळ कळते.

सर्ट-१ हे जनुक पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांच्या निर्मितीशी निगडित आहे, आणि चीनमधील त्याच रुग्ण स्त्रियांच्या लाळेत तंतुकणिकांच्या डीएनएचे प्रमाण वाढलेले आढळले. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील कामाचे महत्त्व येथे उलगडते. येल येथे रोनाल्ड ड्यूमन यांच्याकडे घडलेल्या डॉ. विदिता वैद्य यांनी डॉ. उल्लास कोल्थूर-सीताराम व इतर सहकाऱ्यांसह २०१९ मध्ये दाखवले की, उंदीरवर्गीय प्राण्यांच्या मेंदूच्या बाह्यपटलातील चेतापेशींवर सेरोटोनिन एका विशिष्ट ग्राहीमार्फत, म्हणजे पेशीवरील संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनामार्फत, काम करते, सर्ट-१ च्या साहाय्याने तंतुकणिकांची संख्या व ऊर्जानिर्मिती वाढवते आणि ताण सोसण्याची पेशीची क्षमता टिकवते. चीनमधील ते ठिकाण सर्ट-१ मार्फतच नैराश्य घडवते, हे यावरून सिद्ध होत नाही. तरीही वेगवेगळ्या वाटांनी निघालेली दोन कामे एकाच रेणूपाशी यावीत, हा या विषयातील सर्वांत आशादायक दुवा आहे. सेरोटोनिनचे प्रकरण संपले, असे अलीकडे मोठ्या आत्मविश्वासाने लिहिणाऱ्यांनी हे निबंध वाचलेले दिसत नाहीत. कालबाह्य झाला तो कमतरतेचा सुटसुटीत सिद्धांत. चेतापेशीच्या ऊर्जाव्यवहारातील सेरोटोनिनचे कार्य आता कुठे समजू लागले आहे.

दुसरीकडे आकड्यांची चढाओढ सुरू झाली. २०१८ मध्ये ४४ जनुकीय ठिकाणे, २०१९ मध्ये १०२, आणि २०२५ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या, २९ देशांतील पन्नास लाखांवर माणसांच्या विश्लेषणात जवळजवळ ७००. एवढी माहिती खुलेपणाने एकत्र आली, ही सहकार्याची मोठी कमाई खरीच, आणि शेवटच्या अभ्यासात आफ्रिकी, पूर्व आशियाई व दक्षिण आशियाई वंशाचे लोक आल्यामुळे काही ठिकाणे प्रथमच दिसली. मात्र या आकड्यांतील अनेक 'रुग्ण' म्हणजे प्रश्नावलीतील एका चौकटीत होकार देणारी माणसे आहेत. अशा ढोबळ नोंदीतून हाती येणारे जनुकीय संकेत नैराश्याचेच असतात असे नाही, हे २०२० मध्ये फ्लिंट यांच्यासह ज्या गटाने दाखवले, त्याच्या इशाऱ्याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. रुग्णाजवळ बसून त्याची झोप, भूक, अपराधभाव, घरातील आजारांचा इतिहास तपशिलाने टिपून ठेवण्याची सवय रुग्णालयांतून झपाट्याने ओसरते आहे, आणि ती गेली की कितीही महागडे यंत्र तिची भरपाई करू शकणार नाही.

भारताच्या वाट्याला या सहकार्यात केवळ नमुने पुरवण्याचे काम येऊ नये. मुंबई, पुणे, नागपूर येथील मनोविकार विभागांनी मराठीतून, रुग्णाच्या बोलीतून, एकसारख्या पद्धतीने मुलाखती घेऊन त्यांच्या नोंदी जपाव्यात, कुलाब्यासारख्या प्रयोगशाळांशी त्या जोडून घ्याव्यात, आणि विद्यापीठांनी या कामाला वेळ व मनुष्यबळ द्यावे.