अक्षरांचे क्रमांक

संगणकावर एखादे मराठी पान उघडावे आणि ‘शाळा’ या शब्दाच्या जागी विचित्र खुणांची रांग दिसावी, असे कधी कधी घडते. पाहणाऱ्यास वाटते, मजकूर नष्ट झाला. वस्तुतः तो बहुधा जसाच्या तसा असतो. चुकलेले असते ते त्याचे वाचन.

मुलांनो, संगणक अक्षरे ओळखत नाही. तो केवळ संख्या जाणतो. म्हणून प्रत्येक अक्षरास क्रमांक द्यावा लागतो, आणि लिहिताना जे कोष्टक वापरले, तेच वाचतानाही वापरावे लागते. अमेरिकेत १९६३ साली ‘आस्की’ नावाचे कोष्टक तयार झाले. त्यात १२८ जागा होत्या. देवनागरीसाठी त्यांत एकही नव्हती. पुढे निरनिराळ्या लिप्यांसाठी निरनिराळी कोष्टके झाली आणि एकाच क्रमांकाला अनेक अर्थ आले.

हा गोंधळ मिटविण्यासाठी १९९१ साली ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीत ‘क’चा क्रमांक २३२५, तर ‘ळ’चा २३५५ आहे. हे क्रमांक साठविण्यासाठी केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी १९९२ साली ‘यूटीएफ-८’ ही पद्धत योजली. तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन लहान संख्यांनी लिहितात. ‘क’साठी २२४, १६४ व १४९ या त्या संख्या होत.

आता ‘शाळा’ हा शब्द पाहा. श, काना, ळ व पुन्हा काना अशी त्यात चार चिन्हे आहेत. म्हणजे बारा संख्या झाल्या. जुने युरोपीय कोष्टक घेऊन वाचणारा संगणक प्रत्येक संख्येस स्वतंत्र अक्षर समजतो आणि बारा परक्या खुणा दाखवितो.

यावर उपाय सोपा आहे. पान यूटीएफ-८ पद्धतीनेच जतन करावे आणि पानाच्या आरंभी त्या पद्धतीचे नाव नमूद करावे. मग वाचणाऱ्या संगणकास योग्य कोष्टक कळते व अक्षरे पूर्ववत दिसतात.

तथापि एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ज्या कोष्टकात देवनागरी नाही, त्यात मजकूर जतन केला, तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. तेथे मूळ संख्याच पुसल्या जातात, आणि दुसरी प्रत नसेल तर तो मजकूर कायमचा गमावतो. म्हणून बिघडलेले पान दिसताच ते घाईने जतन करू नये. आधी योग्य कोष्टक लावून वाचून पाहावे.