‘तुमच्या आजीचं आम्हाला काय करायचंय?’ : गेमचं परीक्षण आणि त्यातला ‘मी’

ज्यांना ऐकायला सवड होत नाही, किंवा ज्यांचा दिवसाचा दीड जीबी दुपारीच संपतो, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना येणारे ‘म्हणजे कसं’ आणि ‘काय की’ गाळलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

‘राजी’वरच्या भागानंतर बरेच निरोप आले. गंगाखेडच्या एका पोराचा निरोप एका ओळीचा होता : “दादा, तुमच्या आजीचं आम्हाला काय करायचंय? गेम घ्यावा का नाही ते सांगा.” त्याच दिवशी एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. त्यांनी आयुष्यात गेम खेळलेला नाही, खेळणारही नाहीत. ते म्हणाले, “तेवढं आजीचं फार आवडलं बघा.” भाग एकच, त्यातली तीच पाच मिनिटं. एकाला ती नको होती आणि दुसऱ्याला तेवढीच हवी होती. हे असं का होतं, त्यावर आज बोलू.

आधी पोराची बाजू, कारण त्याचे पैसे अडकलेत. हिशोब करा. गेम तीस जीबीचा असेल आणि पॅक रोजच्या दीड जीबीचा असेल, तर तो उतरायला वीस दिवस लागतात. तेही घरात दुसऱ्या कुणी एक व्हिडिओसुद्धा पाहिला नाही तर. आता स्टीमचा नियम बघा. विकत घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळून गेम परत केला, तर पैसे परत मिळतात. म्हणजे आपल्या पोराचा गेम पुरता उतरायच्या आतच परतीची मुदत संपलेली असते. फायबर असलेला पुण्या-मुंबईचा माणूस गेम उतरवतो, तासभर खेळतो, नाही आवडला तर परत करतो. त्याच्यासाठी परीक्षण म्हणजे टाइमपास आहे. पालम-गंगाखेडच्या पोराला घेण्याआधी चाखून बघायची सोयच नाही, तो परीक्षणावर विसंबूनच पैसे मोजतो. त्याला पाच मिनिटं आजी ऐकवली की तो चिडणारच, आणि चिडायचा त्याला हक्क आहे.

मग परीक्षणात ‘मी’ आला कुठून? गेमची परीक्षणं आधी बरीचशी मिक्सर-पंख्याच्या परीक्षणासारखी असायची. ग्राफिक्स इतके गुण, आवाज इतके, कंट्रोल इतके, एकूण दहापैकी आठ. 2004 मध्ये किरॉन गिलेन या ब्रिटिश गेम-पत्रकारानं ‘न्यू गेम्स जर्नालिझम’ नावाचा एक जाहीरनामा लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की गेममधलं खरं काही घडतं ते खेळणाऱ्याच्या बाबतीत घडतं. तेव्हा परीक्षकानं प्रवासवर्णन लिहिणाऱ्यासारखं लिहावं, फक्त गाव कल्पनेतलं. त्यानं पुढं केलेला नमुना होता ‘जेडाय नाइट 2’ या स्टार वॉर्सच्या गेमवरचा एक लेख. ऑनलाइन द्वंद्वाआधी समोरचा अनोळखी खेळाडू वंशावरून शिवी देऊन ‘वाक’ म्हणतो, आणि मग पुढची लढत. लेखात गुण नाहीत, फ्रेम रेट नाही. तरी त्या गेममध्ये उतरलं की कशी माणसं भेटतात आणि तिथं मान-अपमान कसा चालतो, हे त्यातून जेवढं कळतं तेवढं दहापैकी आठमधून कळत नाही.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपल्याकडे ‘आस्वादक समीक्षा’ हा शब्द जुना आहे. ‘अपूर्वाई’ वाचून कुणी लंडनचं हॉटेल ठरवलं नाही, आणि पुलं स्वतःबद्दलच फार बोलतात अशी तक्रारही कुणी केली नाही. उलट टोकाला आपलं ते ठरलेलं नाट्यपरीक्षण. आधी सगळं कथानक सांगायचं आणि शेवटच्या परिच्छेदात ‘नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत अनुरूप’ म्हणून हात झटकायचे. त्यात ‘मी’ नसतो हे खरं, पण हाती काय लागतं? अनुरूप म्हणजे काय, हे मला आजवर कळलेलं नाही.

तर गिलेनच्या जाहीरनाम्यानंतर व्हायचं तेच झालं. पहिल्या एक-दोघांकडे सांगण्यासारखं काही होतं, मागून येणाऱ्यांकडे फक्त पद्धत होती. कुणाचा प्रेमभंग, कुणाचे वडील गेलेले, कुणाची नोकरी सुटलेली, आणि बाराव्या परिच्छेदात गेमचं नाव. वाचणारे वैतागले. त्यांनी ‘वस्तुनिष्ठ परीक्षण द्या’ असा धोशा लावला, तेव्हा डिस्ट्रक्टॉइडवर समीक्षक स्टर्लिंग यांनी ‘फायनल फँटसी 13’चं शंभर टक्के वस्तुनिष्ठ परीक्षण लिहून दाखवलं. हा व्हिडिओ गेम आहे, यात पात्रं आहेत, असं सगळं त्यात बिनचूक आणि बिनकामाचं. टोला बरोबर बसला. (2014 च्या गेमरगेट प्रकरणात याच ‘वस्तुनिष्ठ’ शब्दाची ढाल करून एका झुंडीनं बायकांना छळलं, त्यामुळे इंग्रजीत हा विषय निघाला की लोक आधी सावध होतात. गंगाखेडच्या पोराचा त्याच्याशी संबंध नाही. त्याचा प्रश्न खिशाचा आहे.)

आता ‘राजी’कडे येतो. हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा गेम. 2017 मध्ये त्यांनी लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता, तो फसला. तरी गेम तडीस नेला आणि ऑगस्ट 2020 मध्ये तो निन्टेन्डो स्विचवर आला. सर्कशीत कसरती करणारी राजी, असुरांनी पळवलेला तिचा भाऊ गोलू, दुर्गेनं दिलेलं त्रिशूळ, राजस्थानी वाड्यांसारख्या इमारती आणि मधे मधे कळसूत्री सावल्यांतून सांगितलेली गोष्ट. आपल्याकडचं लिहिणं बघा, ‘आपले देव पहिल्यांदा असे पडद्यावर दिसले आणि गळा दाटून आला’ हा सूर ठायी ठायी भेटतो. भावना खोटी नाही, माझंही तसंच झालं. पण नुसतं गळा दाटला म्हटल्यानं वाचणाऱ्याला काय मिळालं? लढाई मजेशीर आहे का? उडी मारताना कॅमेरा फसवतो का? चार-पाच तासांत संपतो, तोही असा मधेच तुटल्यासारखा, हे कोण सांगणार? बाहेरच्या परीक्षकांनी हे सांगितलं, कारण त्यांचा गळा दाटला नव्हता.

आणि तरीही आजी मी काढणार नाही. का, ते सांगतो. मी खेळत होतो तेव्हा ती शेजारी बसलेली. भिंतीवरची चित्रं तिनं माझ्याआधी ओळखली. दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगायला लागले की मात्र ती माझ्याकडं बघायची, कारण देव इंग्रजीत बोलत होते. दर दोन मिनिटाला गेम थांबवून मी तिला मराठीत सांगायचो. या एका गोष्टीतून ऐकणाऱ्याला तीन गोष्टी कळतात : चित्रं इतकी बोलकी आहेत की गेम न खेळणाराही रमतो, निवेदन खेळता खेळता चालू असतं, आणि ते इंग्रजीत आहे. 2022 च्या एन्हान्स्ड एडिशनमध्ये हिंदी आवाज आला. घरच्यांसोबत खेळायचा असेल तर कुठली आवृत्ती घ्यायची, हे आजीमुळेच ठरतं. तीच आजी मी नुसती ‘लहानपणी देवीच्या गोष्टी सांगायची’ म्हणून आणली असती, तर ती कुठल्याही गेमला चिकटली असती. माझी कसोटी एवढीच : लेखातून गेमचं नाव काढून दुसऱ्या गेमचं घातलं, तरी तुमची आठवण तशीच बसते का? बसत असेल तर ती आठवण दिवाळी अंकाला पाठवा.

एक गंमत बघा. ‘माझा लॅपटॉप सहा वर्षं जुना, उन्हाळ्यात पत्र्याखाली बसतो, अर्ध्या तासात तो तापतो आणि गेम अडखळतो,’ यापेक्षा खासगी काय असतं? यावर कुणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. वाचणाऱ्याचं ‘मी’शी वाकडं नसतं. आपल्या उपयोगाचा नसलेला ‘मी’ त्याला खुपतो. उलट वरून वस्तुनिष्ठ दिसणारं ‘परफॉर्मन्स उत्तम’ हे वाक्य महागड्या मशीनवर, एसीत बसून लिहिलेलं असतं. तिथं ‘मी’ आहेच, फक्त लपलेला.

राहिले गुरुजी. त्यांची गोष्ट वेगळी, कारण ते ग्राहक नाहीत. आणि खेळून झाल्यावर आपणही गुरुजीच होतो. गेम संपवला की रात्री एक वाजता आपण परीक्षणं शोधतो ती काय घ्यायचं ठरवायला? दुसऱ्या कुणाला तिथंच भरून आलं का, हे बघायला. 2023 मध्ये ‘वेन्बा’ आला, कॅनडात स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबाची गोष्ट, आईच्या फाटक्या पाकवहीतून इडली जुळवायची. त्यावर कितीतरी जणांनी आपापल्या आईबद्दल लिहिलं. दीड-एक तासाचा गेम. घेण्याआधी ते वाचणारा म्हणतो, ‘आई राहू द्या, दीड तासाला एवढे पैसे का?’ खेळून झालेला तेच वाचून डोळे पुसतो. दोघं बरोबर आहेत. फक्त कोण कधी आलाय, हे लिहिणाऱ्याला दिसत नाही.

म्हणून यापुढं आपल्या भागाचे दोन तुकडे करतोय. पहिली दहा मिनिटं घेणाऱ्यासाठी : किती जीबी, कुठल्या मशीनवर, किती तास, भाषा कुठली, कुठं अडतं. मग घंटी वाजेल. घंटीनंतर आजी, आई, पालमचा पाऊस, जे यायचं ते येईल. ज्याला नको त्यानं तिथं बंद करावं, मला राग नाही. पुढचा भाग ‘वेन्बा’वर आहे. तुमचा लॅपटॉप किती जुना आहे आणि त्यात रॅम किती, ते कळवून ठेवा. तुमच्यासारख्या मशीनवर कसा चालतो ते बघूनच बोलेन.