लिंबायतमधल्या बाळाचं वरचं अन्न

सुरतेच्या लिंबायत-उधना भागात खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. आजी गावाकडे असली, की बाळाला वरचं कधी आणि किती द्यायचं, हे सांगणार कोण? अशा वेळी अंगणवाडीताईंचा मोठा आधार!

पहिले 6 महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. त्यानंतर 3 वर्षांपर्यंत अंगणवाडीतून 'बालशक्ती' या पूरक आहाराची पाकिटं घरी मिळतात. ती बनवणाऱ्यांत सुरतेचीच सुमूल डेअरी आहे.

त्याची लापशी मात्र दाट हवी. चमचा तिरका केला तरी ओघळायला नको, वर थोडं तूप. 6 ते 8 महिन्यांच्या बाळाला दिवसातून 2-3 वेळा, पुढे 3-4 वेळा. वर्षाच्या आत मध अजिबात नको. अंगावरचं दूध 2 वर्षं आणि त्यापुढेही चालू ठेवता येतं.