पेला, चमचा आणि चार मिनिटं

लाखो रुपयांच्या कॉफीचा भाव ठरवायचा असतो, तेव्हा चव पारखणारी माणसं यंत्राला हातही लावत नाहीत. बंगळूरूच्या कॉफी बोर्डाची प्रयोगशाळा घ्या, नाहीतर ब्राझीलमधल्या एखाद्या निर्यातदाराची खोली. टेबलावर साध्या वाट्या मांडलेल्या असतात. प्रत्येकीत जाडसर दळलेली कॉफी आणि तिच्यावर ओतलेलं, उकळून जरासं निवलेलं पाणी. चार मिनिटं थांबायचं, वर जमलेला थर चमच्याने मोडायचा, फेस काढून टाकायचा आणि चाखायचं. इंडोनेशियात जावा बेटावर लोक रोज जवळपास अशीच कॉफी पितात. ते तिला ‘कोपी तुब्रुक’ म्हणतात आणि साखरही पेल्यातच घालतात.

एका माणसापुरती सर्वांत स्वस्त कॉफी ती हीच. दीडशे मिलिलिटर पाण्याला साडेआठ ग्रॅमच्या आसपास पूड, म्हणजे पोह्याच्या चमच्याने साधारण दोन चमचे. पूड किलोला हजार रुपये धरली, तर कपाला साडेआठ रुपये. (इन्स्टंट पूड इथे चालणार नाही. पुढे जे सांगणार आहे, ते तिच्या बाबतीत कारखान्यातच होऊन गेलेलं असतं.) गाळणी नाही, कागद नाही, तरीही कॉफी उत्तम होते, कारण सगळं काम पेल्यातल्या पेल्यात आपोआप चालतं. ते कसं, हे मला अजूनही अद्भुत वाटतं.

पाणी पडताच पूड फसफसून वर येते. कॉफीची बी भाजताना २०० अंशांच्या आसपास तापते आणि तिच्या आत कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो बीच्या सूक्ष्म पेशींमध्ये अडकून राहतो. दळताना काही निसटतो, उरलेल्याला गरम पाणी बाहेर काढतं. हे बुडबुडे कणांना उचलून धरतात आणि वर जाड थर जमतो. भाजून फार दिवस झालेली पूड नुसती भिजून पडते, फुगत नाही. ताजेपणाची परीक्षा अशी फुकटात होते.

थराखाली खरं काम सुरू असतं. भाजलेल्या कॉफीचा सुमारे ३० टक्के भागच पाण्यात विरघळू शकतो, बाकीचा लाकडासारखा चोथा. तो ३० टक्केही सगळा आपल्याला नको असतो. आम्लं आणि कॅफिन चटकन उतरतात, गोडसर, खमंग द्रव्यं त्यांच्या मागून, आणि उग्र कडवटपणा सावकाश येतो. १९५०च्या दशकात अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी याचा हिशेब मांडला. पुडीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरला, की चव जमते. म्हणजे आपल्या कपात कॉफी किती? दोन ग्रॅमही नाही! एवढा गडद रंग, एवढा दरवळ, आणि द्रव्य जेमतेम पावणेदोन ग्रॅम.

आणि हे उतरणं बरोबर वेळेवर थांबतं. कॉफीच्या यंत्रात वरून नवं पाणी येत राहतं आणि कणांतून द्रव्यं ओढत राहतं. पेल्यात पाणी तेच असतं. ते जसजसं द्रव्यांनी भरतं, तसतशी त्याची ओढ कमी होते, शिवाय ते निवतही असतं. म्हणून चाराऐवजी सहा मिनिटं झाली, तरी कॉफी बिघडत नाही.

तोवर वायू निघून गेलेला असतो, त्याच्या जागी पाणी शिरतं आणि कण जड होऊन तळाला बसतात. इथे आकाराला फार महत्त्व आहे. कण निम्म्या जाडीचा असेल, तर तो चौपट सावकाश बुडतो. फिल्टर कॉफीसाठी दळलेली बारीक पूड म्हणूनच तोंडात येत राहते. माटुंग्याला समोर दळून देणारी दुकानं आहेत, तिथे ‘जाड्या रव्याइतकी’ असं सांगावं.

हा गाळ तोंडात येऊ नये म्हणून १९०८ साली ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांनी पितळी भांड्याला भोकं पाडली आणि त्यात मुलाच्या वहीतला टिपकागद घातला. त्यातूनच आजचा फिल्टर कागद आला. तो कॅफेस्टॉल नावाचं तेलकट द्रव्यही अडवतो, आणि हे द्रव्य रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतं. तेव्हा ज्यांचं कोलेस्टेरॉल जास्त आहे, त्यांनी पेल्यातली कॉफी कागदातून गाळूनच प्यावी.

पारखी माणसं चमच्यातली कॉफी मोठ्याने भुरकतात. भुरक्याने तिचे तुषार होतात आणि वास घशामागून नाकात चढतो. भाजलेल्या कॉफीत ८०० हून अधिक सुगंधी द्रव्यं सापडली आहेत, त्यामुळे बरीचशी चव नाकच घेतं. कॉफी निवत जाईल तशी तीच माणसं पुन्हा पुन्हा चाखतात, कारण कोमट झाल्यावर आंबट आणि गोड चवी स्पष्ट होतात. एका पेल्यात आपल्या चिखलदऱ्याची आणि दुसऱ्यात चिकमगळूरची कॉफी घेऊन बघा. दूध, जायफळ हवंच असेल, तर पूड दुप्पट घ्या आणि वरची नितळ कॉफी गरम दुधात ओता.

पूड निखळ कॉफीचीच आहे का, हे पाहायला एक पेला गार पाण्याचाही भरा. त्यावर चिमूटभर पूड हलक्या हाताने भुरभुरा. कॉफी तरंगत राहते. पुडीत मिसळलेली चिकोरी मात्र काही सेकंदांत तपकिरी रेघा सोडत तळाकडे निघते. पाकिटावर कॉफी ५३ टक्के आणि चिकोरी ४७ टक्के असे आकडे असतील, तर जवळजवळ निम्मी पूड बुडेल. ती पूड दुधाच्या फिल्टर कॉफीला छान, पण या पेल्यासाठी बिनचिकोरीची मागा.