रंगशाळेतील शेजार

सोलापूरची चादर कोणाला ठाऊक नाही? पुष्कळ वर्षे धुतली, तरी तिचा पक्का रंग सहसा विटत नाही. यात रंगाऱ्याचे कौशल्य तर आहेच. पण त्याच्या हाताशी काही प्रखर रसायनेही असतात.

ज्यांना व्हॅट रंग म्हणतात, ते पक्के रंग पाण्यात विरघळत नाहीत. त्यासाठी पाण्यात कॉस्टिक सोडा व ‘हायड्रोस’ नावाची पांढरी भुकटी घालावी लागते. मग रंगाचे रूपच पालटते. निळीचेच पाहा ना! कुंडात ती पिवळसर हिरवी दिसते. सूत बाहेर काढून वाऱ्यावर धरले, की हवेतील प्राणवायूमुळे ती पुन्हा निळी होते आणि धाग्यात अडकून बसते.

हायड्रोस हे प्राणवायूसाठी हपापलेले रसायन आहे. त्याच रंगशाळेत सूत शुभ्र करण्यासाठी विरंजक चूर्ण, म्हणजे ब्लीचिंग पावडर, असते. ते प्राणवायू देण्यास तितकेच उतावीळ! दोन्ही भुकट्या पांढऱ्या. त्या चुकून एकत्र आल्या, तर एवढी उष्णता उत्पन्न होते, की आग लागू शकते. हायड्रोसला तर अशा वैऱ्याचीही गरज नाही. डबा उघडा राहून दमट हवा लागली किंवा पाण्याचे शिंतोडे उडाले, तरी ते आतल्या आत तापून पेट घेते आणि गुदमरवणारा सल्फर डायऑक्साइड वायू सोडते. शेजारी सुताच्या लडी रचलेल्या असल्या, म्हणजे मग काय विचारता! अशा आगीवर तांब्याभर पाणी ओतणारा मनुष्य ती वाढवतोच.

म्हणून जाणता कारखानदार हायड्रोसचे डबे घट्ट झाकून, कोरड्या खोलीत, उंच फळ्यांवर ठेवतो. भुकटी काढण्याचे मापही कोरडे व निराळे असते. आम्ले दुसऱ्या खोलीत असतात.

आम्ले दूर का? विरंजक चूर्णावर आम्ल पडले, की क्लोरीन वायू बाहेर पडतो. स्वीडनमधील शीले या रसायनशास्त्रज्ञाने १७७४ साली तो प्रथम तयार केला. हवेहून सुमारे अडीच पट जड असल्यामुळे तो जमिनीलगत पसरतो. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी, बेल्जममधील ईप्र येथे तो मुद्दाम शत्रूवर सोडण्यात आला आणि खंदकांतील अनेक सैनिक गुदमरून मेले.

हाच वायू आपल्या न्हाणीघरातही उत्पन्न होऊ शकतो. शौचालय धुण्याच्या द्रवात पुष्कळदा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. अधिक स्वच्छता व्हावी म्हणून त्यावर कोणी विरंजक चूर्ण टाकले, तर डोळे चुरचुरतात, श्वास कोंडतो. अशा वेळी बादली उचलण्याच्या नादी न लागता तत्काळ मोकळ्या हवेत जावे आणि मोठ्या माणसांना हाक मारावी.