ऋतुपर्णाचें उत्तरीय

ज्याच्या आयुष्याचीं पस्तीस वर्षें मुलांकडून शब्दरूपें पाठ करून घेण्यांत गेलीं आणि ज्यानें सायकलीपलीकडे कोणतेंहि वाहन स्वतः हांकलें नाहीं, त्यानें शर्यतीच्या धाटणीच्या मोटारीविषयीं लिहावें हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. आम्हांसहि वाटतें. परंतु गेल्या कार्तिकांत अशा मोटारींत बसून कर्जतहून खालापुरापर्यंत जाऊन येण्याचा प्रसंग आमच्यावर आला. तो कसा आला हें सांगावयाचें तर थोडें घरांतलें सांगणें प्राप्त आहे.

आम्ही कर्जतचे, म्हणजे दहिवलीचे. घरांत आम्ही उभयतां, आमच्या वहिनी, त्यांचे चिरंजीव, सूनबाई आणि नातवंडें. पुतण्या मुंबईस संगणकाच्या नोकरींत असून शनिवार-रविवार घरीं येतो. खालापूर तालुक्यांत आमची वडिलार्जित भातजमीन होती. २००२ सालीं मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग पुरा झाला, आणि हळूहळू त्या बाजूच्या शेतांना पिकाऐवजीं कुंपणाचे भाव आले. गेल्या वर्षीं सर्वांच्या संमतीनें आम्हीं ती जमीन विकली व वांटे केले. पुतण्याचा वांटा त्याच्या नांवावर जमा झाला. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाहीं हें सर्वांस ठाऊक होतें, आणि तरीहि तो पैसा आजोबांचा आहे असेंहि सर्वांच्या मनांत होतें. कायद्यानें झालेली वांटणी एकत्र घराच्या मनांत उतरावयास पुष्कळ काळ लागतो.

एका शनिवारीं रात्रीं पानावर बसला असतां त्यानें एका जर्मन मोटारीचें नांव घेतलें व किंमत सांगितली. ती कोटींत होती. आमटी वाढणाऱ्या सूनबाईंचा हात जागच्या जागीं थांबला, त्यावरून ही गोष्ट तिलाहि नवीन होती हें कळलें.

"घ्यायची असें ठरवलेलें नाहीं," तो म्हणाला. "एकदां चालवून पाहायची आहे. काका, तुम्ही बरोबर यावें असें वाटतें."

नाहीं म्हणण्याची आमची पूर्ण तयारी होती. तो शब्द बाहेर पडला नाहीं याचें कारण येझदी.

आमचे बंधु वारले तेव्हां हा मुलगा नऊ वर्षांचा होता. त्यांची येझदी मोटारसायकल माडीच्या जिन्याखालीं उभी असे. या गाडीचा गिअरचा दांडा आंत दाबून वर फिरविला कीं तोच किकचा दांडा होतो, ही तिची खुबी. आणि जमिनीला पाय पोंचत नसतांनाहि ही करामत त्या पोरास साधली होती. शाळेंतून आला कीं दप्तर पाठीवर असतांनाच तो तिच्यावर बसे आणि तोंडानें आवाज काढीत पुण्यास जाऊन येई. दोन वर्षांनीं शाळेची फी व म्हातारीचीं औषधें यांचा मेळ बसेना, तेव्हां आम्हीं ती गाडी विकून टाकली. त्याला विचारलें नाहीं. अकरा वर्षांच्या मुलाला असल्या गोष्टी कोण विचारतो? तो कांहीं बोलला नाहीं. जिन्याखालीं तेलाचा काळा डाग राहिला होता, त्यावर मात्र तो पुष्कळ दिवस पाय देत नसे.

तेव्हां आम्ही "बरें, येतों" म्हणालों.

हल्लीं अशा मोठ्या पेढ्या गिऱ्हाइकाच्या दारीं मोटार आणून दाखवितात. १९८९ च्या केंद्रीय मोटार-वाहन नियमांप्रमाणें विक्रेत्यास एक व्यापार-प्रमाणपत्र मिळतें. त्याच्या आधारें नोंदणी न झालेली मोटार ज्या थोड्या कामांसाठीं रस्त्यावर आणतां येते, त्यांत भावी ग्राहकाला चाचणी देणें हें एक काम आहे. मुंबईहून सकाळीं नवाच्या सुमारास मोटार आली. बरोबर आलेल्या तरुण विक्रेत्यानें पुतण्याचा परवाना पाहिला आणि सहीसाठीं एक कागद पुढें केला. आम्हीं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. नुकसान झाल्यास तें कोणी सोसावें हें त्यांत बारीक टाइपांत होतें. हा कागद पुरा वाचणारा मनुष्य आपणांस प्रथमच भेटला, असें तो तरुण म्हणाला.

मोटारीविषयीं आधीं पुतण्याकडून थोडी संथा घेतली होती, ती येथें देतों. पोर्शे या जर्मन कारखान्यानें १९६३ सालीं फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत पुढें ९११ नांवानें ओळखली गेलेली मोटार मांडली. तिचें एंजिन मागच्या आंसाच्याहि मागें बसविलेलें असतें, आणि ती चाल त्या घराण्यानें आजवर सोडलेली नाहीं. आमच्या बैलगाडींत मागें ओझें झालें कीं ती उलार होते व बैलांच्या मानेवरचें जूं वर उचलूं लागतें. मग ह्या शहाण्या लोकांनीं मोटार जाणूनबुजून उलार कां केली? उत्तर असें कीं, बैलगाडी पुढून ओढली जाते आणि ही मोटार मागच्या चाकांनीं ढकलली जाते. ढकलणाऱ्या चाकांवर भार असेल तर तीं जमीन घट्ट धरतात. ऐन वळणांत चालकानें घाबरून पाय काढला, तर मात्र तेंच ओझें शेपटाला बाहेर फेंकूं पाहतें. दुसरी मौज तिच्या गिअरांची. क्लच दोन असतात. एकाकडे विषम गिअर व दुसऱ्याकडे सम. पंक्तींत एक वाढपी भात वाढीत असतां दुसरा वरणाचें भांडें घेऊन मागें उभाच असावा, तसा पुढचा गिअर आधींच जुळून बसलेला असतो. त्यामुळें वेग वाढतांना मध्यें खंड म्हणून पडत नाहीं.

आमच्या दारीं आली ती याच घराण्यांतली. आंत बसणें म्हणजे जमिनीवर मांडलेल्या पाटावर बसणें. ती संवय आम्हांस आहे. मागें दोन आसनें म्हणून होतीं, पण तीं माणसांसाठीं असावींत असें वाटेना. त्यांपैकीं एकांत विक्रेता गुडघे हनुवटीला लावून गांठोड्यासारखा बसला आणि तशा अवस्थेंतहि मोटारीचे गुण सांगत राहिला.

कर्जत ते चौक या वाटेनें त्या गुणांना फारसा वाव मिळाला नाहीं. पोट जमिनीला इतकें लागून कीं प्रत्येक गतिरोधकापूर्वीं एक कळ दाबून तिचें नाक वर उचलावें लागे. मग ती एखाद्या सोंवळ्या बाईनें निऱ्या सांवरून चिखल ओलांडावा तशी पलीकडे उतरे. शेतांत झोडणी चालली होती. पेंढ्यानें भरलेला एक टेंपो आमच्यापुढें निवांत चालला होता आणि त्याच्यामागून शेंकडो अश्वांच्या शक्तीचें तें यंत्र गवताच्या काड्या अंगावर घेत जात होतें.

चौकाशीं जुना मुंबई-पुणें रस्ता लागला. ह्याच रस्त्यानें पुढें बोरघाट लागतो. मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांनीं १८३० सालीं त्या घाटांतील गाडीरस्ता खुला केला, आणि १८६३ सालीं त्याच डोंगरांतून आगगाडी वर चढली. कर्जतकरांना चढाचें महत्त्व कोणी सांगावयास नको. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना आमच्याच स्टेशनांत मागून जादा एंजिनें लागतात, आणि तेवढ्यांत उतारू वडे खाऊन घेतात.

रस्ता मोकळा दिसतांच पुतण्यानें एकदां आमच्याकडे पाहिलें. आम्हीं मान हलविली. मग जें झालें तें जेमतेम चार सेकंद टिकलें असेल. पाठ आसनांत रुतली, पोटांत खड्डा पडला, दोहों बाजूंची झाडें एकमेकांत मिसळलीं, आणि आमच्या तोंडून एक आवाज निघाला. तो भीतीचा असावा असें आम्हांस वाटलें, पण पुतण्या आश्चर्यानें म्हणाला, "काका, तुम्ही हसलांत!"

खरेंच हसलों होतों. आणि त्याच क्षणीं आम्हांस ऋतुपर्ण राजा आठवला. वनपर्वांतील नलाख्यान आम्हीं कितीदां शिकविलें असेल याची गणती नाहीं. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून अयोध्येचा हा राजा एका दिवसांत विदर्भास पोंचूं पाहतो. सारथि बाहुक, म्हणजे रूप पालटलेला नल, रोडके घोडे निवडतो. राजा शंका घेतो, परंतु नलाला त्यांच्या अंगावरचीं शुभ चिन्हें दिसलेलीं असतात. रथ निघतो. राजाच्या खांद्यावरचें उत्तरीय वाऱ्यानें उडतें; तो म्हणतो, "थांब, तेवढें घेऊं;" आणि नल सांगतो कीं तें आतां एक योजन मागें राहिलें. वर्गांत या ठिकाणीं मुलें हंसत आणि आम्ही त्यांना अतिशयोक्ति अलंकार समजावून देत असूं. त्या दिवशीं समजलें कीं कवीनें अलंकार घातला नव्हता. वेगांत बसलेल्या माणसाला काय वाटतें तेवढें त्यानें सांगितलें होतें. पुढें दमयंती नुसत्या रथाच्या घोषावरून सारथि ओळखते, तेंहि आम्हांस नेहमीं कवीची सोय वाटत असे.

खालापूर जवळ आलें असतां डाव्या बाजूच्या फाट्यावरून एक मोटारसायकल, इकडे-तिकडे न पाहतां, सरळ रस्त्यावर आली. पुढें टाकीवर मूल, मध्यें बाप, मागें आई, तिच्या मांडीवर बोचकें. आमचा वेग ताशीं ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारें २२ मीटर. डोळ्यांनीं पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो. तेवढ्यांत २२ मीटर संपतात, आणि थांबण्याची क्रिया त्यानंतर सुरू होते. वेग दुप्पट झाला तर त्या क्रियेला लागणारें अंतर चौपट होतें. हें गणित आम्हीं फळ्यावर अनेकदां मांडलें आहे; त्यांत मूल कधीं नव्हतें.

पुतण्यानें ब्रेक दाबला. मोटार तसूभरहि वांकडी न होतां उभी राहिली. मोटारसायकलवाल्यानें वळूनहि पाहिलें नाहीं. टाकीवरचें मूल मात्र आमच्या मोटारीकडे पाहून आनंदानें हात हलवीत गेलें. नंतर कळ बंद करूनहि पुतण्याचे हात चाकावरून निघेनात. ते थरथरत होते.

पुढें एका टपरीवर चहा घेतला. विक्रेता बिचारा वातावरण हलकें करावयास जे. आर. डी. टाटांची गोष्ट सांगूं लागला. तरुणपणीं त्यांच्याजवळ बुगाटी मोटार होती व ती ते मुंबईच्या रस्त्यांवर भरधांव नेत. त्या पायीं खटला होऊन ते जॅक विकाजी या वकिलांकडे गेले. तेथें वकिलांची पुतणी थेल्मा हिची गांठ पडली आणि १९३० सालीं उभयतांचा विवाह झाला. गोष्ट खरी आहे. पण वेगाच्या सगळ्याच गोष्टींचा शेवट मंगलाष्टकांत होत नाहीं. द्रुतगति मार्ग येथून हांकेच्या अंतरावर. भक्ती बर्वे २००१ सालीं वाईहून परततांना त्याच मार्गावर गेल्या. आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे २०१२ सालीं, आणि पेंडशांचें लहान मूलहि. २०१६ या एका वर्षांत त्या मार्गावर १५१ माणसें मेलीं. नंतर कठडे, सूचना व गस्त यांकडे कसून लक्ष दिल्यावर २०१९ सालीं हा आंकडा ९२ वर आला. म्हणजे इतकीं घरें शाबूत राहिलीं, आणि तीं कोणाचीं हें त्यांचें त्यांनाहि ठाऊक नाहीं. हें सर्व मनांत आलें. बोललों मात्र नाहीं.

पुतण्याच बोलला. "काका, हिचा निम्मा वेगसुद्धां येथें वापरतां यायचा नाहीं. नुसती दारांत उभी राहील."

येथें आम्हीं "तेंच तर मी सांगत होतों" असें म्हणावयास हवें होतें. आमच्या तोंडून निघालें, "तुला घ्यावीशी वाटत असेल तर घे. पैसा तुझा आहे." तो आमच्याकडे पाहतच राहिला. नल-ऋतुपर्णांनीं वाटेंत थांबून आपापल्या विद्यांची अदलाबदल केली होती; आमची बहुधा टपरीवर झाली. विरोध करावयास निघालेला म्हातारा मोटारीच्या बाजूचा झाला, आणि तिच्यासाठीं झुरणारा मुलगा गणित करूं लागला.

मग जें सत्तावीस वर्षें राहिलें होतें तें बोलून टाकलें. "येझदी विकतांना तुला विचारायला हवें होतें."

तो बराच वेळ कपांत पाहत राहिला. म्हणाला, "कॉलेजांत असतांना शोधून काढली होती मीं, काका. नेरळला होती. पण मी पोंचलों त्याच्या आदल्या महिन्यांत भंगारांत गेली." आणि चहाचे पैसे त्यानें दिले.

घाट चढावयाचा बेत आम्हीं सोडून दिला. येतांना त्यानें मोटार इतकी सावकाश चालविली कीं पेंढ्याचा तोच टेंपो, आतां रिकामा होऊन परतलेला, आम्हांस मागें टाकून पुढें गेला. तेव्हांपासून पेढीकडून दोनदां विचारणा झाली आहे. उत्तर अद्यापि गेलेलें नाहीं, आणि घरांत त्याविषयीं कोणी त्याला छेडीत नाहीं.

आम्ही पोंचलों तेव्हां वहिनी ओटीवर उभ्या होत्या आणि आंत पानें मांडलेलीं होतीं. सूनबाईंनीं मागाहून सांगितलें कीं, मोटार दिसण्यापूर्वींच सासूबाई म्हणाल्या, "पाणी ठेव, आले. तोच चालवतो आहे." असली मोटार त्यांनीं जन्मांत ऐकलेली नव्हती. पण आमच्या वळणावर एक पिंपळ आहे. बंधु येझदीवरून येत तेव्हां त्याच्या अलीकडेच हात सैल सोडीत, गाडीचा आवाज खालीं येई, आणि मग दोनदां भोंगा वाजे.