लिंकवरील फाईल उघडण्यापूर्वी

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील शाळांकडे मागविली जाणारी माहिती आता पुष्कळदा गूगल ड्राइव्हच्या लिंकने मागविली जाते. लिंक गूगलची, म्हणून आतील फाईल निर्धोक, ही समजूत मात्र बरोबर नाही. ड्राइव्ह ही केवळ कोठी होय. तीत कोणीही काहीही ठेवू शकतो. १०० मेगाबाइटपर्यंतच्या फाईलची विषाणू-तपासणी गूगल करते. त्याहून मोठी असल्यास तपासणी झाली नसल्याची सूचना पडद्यावर येते आणि घाईत ती न वाचताच पुढचे बटण दाबले जाते.

फाईलच्या नावाचा शेवट पाहावा. परिपत्रक बहुधा पीडीएफ असते. शेवटी ‘एपीके’ असल्यास ते परिपत्रक नव्हे, मोबाइलमध्ये शिरणारा प्रोग्राम होय. संदेश वाचण्याची परवानगी त्यास दिली, की बँकेचा ओटीपी परस्पर त्रयस्थाच्या हाती जातो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून मालवेअरच्या द्वारे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तेथे तर तज्ज्ञ नेमलेले होते!

लिंक केंद्रप्रमुखांच्या क्रमांकावरून आली, एवढ्यावरही विसंबू नये. त्यांचाच फोन दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो. फोन करून विचारावे. आहुपे वा घाटघरकडे रेंज नसेल, तर फाईल उद्या उघडावी. माहितीस एक दिवसाचा विलंब परवडतो.

प्रोग्राम चुकून बसविला गेलाच, तर प्रथम इंटरनेट बंद करावे व दुसऱ्या फोनवरून बँकेस आणि १९३० या क्रमांकावर कळवावे. विद्यार्थ्यांच्या आधार क्रमांकांची यादी त्याच फोनमध्ये असल्यास गटशिक्षणाधिकाऱ्यांपासूनही ही गोष्ट लपवू नये.